दुखणं अंगावर काढू नका

तीर्थरूप काकांस,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द या खेपेस नुसता रिवाज म्हणून घातलेला नाही. पाठ धरल्यामुळे गेले चार दिवस मी खरोखरच जमिनीवर पालथा पडून आहे आणि हे पत्रही छातीखाली उशी घेऊन त्याच अवस्थेत लिहितो आहे. तेव्हा नमस्कार आठही अंगांनी पोचला असं समजावं.) तुमची तब्येत बरी असेल. काकूंच्या गुडघ्याला आराम पडला असेल. तुमचा चष्म्याचा नंबर वाढलेला नाही, हे मात्र मी अंदाजाने म्हणत नाही, त्याचा लेखी पुरावा माझ्या उशाशी आहे. त्याकडे येतोच. आम्ही सगळे मजेत आहोत. तुमची सून ऑफिसला जाते, धाकटी शाळेला जाते आणि मी घरातल्या घरात कामावर जातो.

दोन वर्षांत एक ओळ नाही आणि आज एकदम पानंच्या पानं, याचं तुम्हाला नवल वाटायला नको, कारण सुरुवात तुम्हीच केलीत. तुमचं पाकीट गुरुवारी पोचलं. वरचं अक्षर बघताच ओळखलं (पत्ता लिहून झाल्यावर त्याखाली पट्टीने रेघ मारणारा माणूस माझ्या ओळखीत एकच आहे) आणि हात धुऊन, पुसून, मग ते उघडलं. आत पत्र नव्हतं. पत्राच्या जागी दातांच्या दवाखान्याचं एक घडीचं माहितीपत्रक होतं, सहा पानी, मीच तयार केलेलं, आणि त्यावर लाल शाईच्या खुणा होत्या. आधी मला आनंद झाला, की काकांनी माझं काम पाहिलं. मग राग आला, की दोन वर्षांनी माणूस तोंड उघडतो ते अकरा चुका काढायला. मग मी पत्रक पूर्ण उलगडलं, पाचवं पान डोळ्यांपुढे आलं आणि मी मागे न बघता खुर्चीत बसलो. माझ्या खुर्चीत असं बसायचं नसतं. ती वर-खाली होणारी आहे असं विकणाऱ्याने सांगितलं होतं, प्रत्यक्षात ती फक्त खाली होते. एरवी सावकाश होते. गिऱ्हाइकाशी व्हिडिओवर बोलायला बसतो तेव्हा मी छातीपर्यंत दिसतो, अर्ध्या तासाने हनुवटीपर्यंत, आणि निरोप घेताना नुसतं कपाळ उरतं. (एक गिऱ्हाईक म्हणालं, तुमच्याइतका नम्र माणूस आम्ही पाहिला नाही.) गुरुवारी मात्र ती एका दमात तळाला गेली आणि जाताना माझी कंबर घेऊन गेली.

पाचव्या पानावर दातांबद्दल एक अक्षर नव्हतं. तिथे मी तुम्हाला लिहिलेलं पत्र छापलेलं होतं. दोन हजार प्रतींत. आणि ते छापून आलंय हे मला तुमचं पाकीट उघडेपर्यंत माहीत नव्हतं. आता ते तिथे आलं कसं हे सांगायचं तर आधी माझ्या धंद्याविषयी सांगावं लागेल. काकू म्हणतील, झालं याचं पाल्हाळ सुरू. पण काकू, इथे दिवसभर ऐकायला कोणी नसतं हो.

तर, माझा धंदा यशस्वी आहे. असं मी सगळ्यांना सांगतो आणि लोकांनाही ते पटतं, कारण मी भर दुपारी घरी दिसतो. नोकरीत असताना माझ्या डोक्यावर साहेब एक होता. आता एकोणीस आहेत, आणि त्यातल्या प्रत्येकाला एक सासू, एक मेहुणा किंवा चित्रकलेत बक्षीस मिळवलेली एक पुतणी आहे. माझ्या कार्डावर माझ्या नावाखाली 'संचालक' असं लिहिलंय आणि मी फोनवर स्वतःला 'आम्ही' म्हणतो. गिऱ्हाइकाने काही अवघड विचारलं की 'आमच्या टीमशी बोलून कळवतो' असं सांगून मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी पितो आणि परत येतो. टीममध्ये मी आहे आणि कपडे धुण्याचं मशीन आहे. बंद केलेल्या बाल्कनीत माझं ऑफिस आहे, तिथे दुसरी जागा नसल्यामुळे प्रिंटर त्या मशीनवर ठेवलेला असतो. कपडे पिळायची वेळ आणि प्रिंट काढायची वेळ एक झाली तर सरळ रेघ नागमोडी येते. मागे एकदा एका गिऱ्हाइकाला नेमकी तीच रेघ आवडली, आणि ती पुन्हा काढून दाखवायला मला स्वच्छ चादरी तीनदा धुवाव्या लागल्या. धाकटीला शाळेत बाईंनी विचारलं, तुझे बाबा काय करतात. ती म्हणाली, बाबा फोनवर 'बदलतो' म्हणतात. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, दुसरं काय.

तुम्ही म्हणाल, हे तुला दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं. सांगितलं होतंत. मी विसरलेलो नाही, आणि त्या दिवसाबद्दल मी आजवर कोणाशी बोललोही नाही, म्हणून आता लिहूनच टाकतो. चौतीस वर्षं तुम्ही छापखान्यात प्रुफं तपासलीत. मला तिथे चिकटवलंत तेही तुम्हीच, आणि पुढची अकरा वर्षं मी पान लावायचं आणि तुम्ही ते शेजारच्या टेबलावर वाचायचं असं चाललं. मी नोकरी सोडली तेव्हा सगळ्यांना सांगितलं, तुम्हाला सोडून. ते तुम्हाला छपाईच्या मशीनवरच्या माणसाकडून कळलं. तरी तुम्ही घरी आलात, पाहुणे बसलेले होते, त्यांच्यात बसलात आणि मला दोनच प्रश्न विचारलेत. स्वतंत्र होणार म्हणजे नक्की कोणापासून? आणि, मग तुझं वाचणार कोण? पहिल्या प्रश्नाला मला उत्तर सुचलं नाही, म्हणून दुसऱ्याला जास्तच सुचलं. मी म्हणालो, आता कॉम्प्युटरच चुका दाखवतो, काका, प्रूफरीडर लागतोच कोणाला. पाहुणे हसले. तुम्हाला निवृत्त होऊन आठ महिने झाले होते आणि छापखान्याने तुमच्या जागी कोणालाही घेतलं नव्हतं, हे मला माहीत होतं. माहीत असून बोललो. तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात, चपला घातल्यात आणि गेलात. कप निम्मा भरलेला होता.

आता पाचवं पान. आमच्या धंद्यात एक गोष्ट असते, खोटा मजकूर. गिऱ्हाईक म्हणतं, आधी डिझाइन दाखवा, मजकूर मग पाठवतो. मग पान भरलेलं दिसावं म्हणून तिथे काहीतरी लिहून ठेवायचं आणि खरा मजकूर आला की ते काढायचं. छापखान्यात तुम्ही हे कधी चालू दिलं नाहीत. जागा कोरी ठेवा, रेघा मारा, पण खोटं वाक्य ठेवू नका, खरं वाक्य छापून यायला आळस करतं आणि खोटं आधी धावतं, असं तुम्ही म्हणायचात आणि आम्ही मागे तुमची नक्कल करायचो. इथे नक्कल करायलाही कोणी नाही. तर मी आधी 'मजकूर मजकूर मजकूर' असं लिहून बघितलं, पण ते विटांच्या भिंतीसारखं दिसतं. खऱ्या भाषेत एक शब्द लांब असतो, एक तोकडा असतो, कुठे वर वेलांटी, कुठे खाली उकार, तेव्हा कुठे पान पानासारखं दिसतं. म्हणजे खोटा मजकूरही खराच लिहावा लागतो. आणि सकाळपासून कोणाशी एक शब्द न बोललेल्या माणसाने खरं काही लिहायला घेतलं तर तो काय लिहिणार? मी तुम्हाला लिहायला लागलो. दोन वर्षांत तुम्हाला एक पत्र धाडलं नाही हे खरं आहे. पण ड्रायव्हिंग स्कूलच्या, पंख्यांच्या दुकानाच्या, चष्मेवाल्याच्या आणि एका पाळणाघराच्या पत्रकांत मिळून मी तुम्हाला पन्नासेक पत्रं लिहिली आहेत, आणि खरा मजकूर आला की माझ्या हातांनी पुसली आहेत. (पाळणाघराच्या वेळी जरा जास्तच लिहिलं गेलं. त्यांनी मजकूर द्यायला फार उशीर केला.)

दातांच्या डॉक्टरांनी त्याहून उशीर केला. माणूस सज्जन आहे, दोन दवाखाने आहेत, एक आमच्या भागात आणि एक तुमच्या चौकात, पण त्यांचा सगळा वेळ मुखपृष्ठावरच्या दातात गेला. दात हसरा हवा होता. हसरा काढला तर म्हणाले, दाताला दात कसे असतील. मग आश्वासक काढायला सांगितला. मी पांढराशुभ्र काढला, तो त्यांना खोटा वाटला. जरा पिवळट केला, तर आमच्या दवाखान्यात पिवळा दात शोभेल का, असं विचारलं. सतरा दात झाले. अठरावा सगळ्यांना पसंत पडला तेव्हा त्यांच्या सासूबाईंनी तो लांबून बघितला आणि हे स्टूल कशाचं आहे असं विचारलं, की पुन्हा पहिल्यापासून. बत्तीस व्हायच्या आत सुटलो हे नशीब. या सगळ्यात मजकूर हप्त्याहप्त्याने येत होता. चार पानांचा आला, सहाव्या पानाचा पत्ता आणि वेळा आल्या, पाचव्याचं नुसतं शीर्षक आलं, 'दुखणं अंगावर काढू नका', आणि खालचं उद्या पाठवतो असा निरोप आला. मी त्या शीर्षकाखाली तुम्हाला लिहून ठेवलं. उद्या काही आला नाही. त्यानंतर सात आठवडे मी ते पान रोज बघत होतो, पण काका, पान रोज बघितलं की त्यातले शब्द दिसेनासे होतात. राखाडी चौकोन दिसतो. चौकोन वरच्या दाताशी बरोबर रेषेत आहे ना एवढं बघायचं. तो रेषेत होता. डॉक्टर म्हणाले, फार सुंदर, द्या छापायला. आणि मी दिलं.

तुम्ही ते पान वाचलंत, सहा ठिकाणी दुरुस्तही केलंत. मी ते छापून आल्यावर पहिल्यांदा तुमच्या लाल शाईसकट वाचलं. रूट कॅनालच्या चित्राशेजारी, मोठ्या ठळक शीर्षकाखाली, असं होतं:

काका, इथे डॉक्टरांचा मजकूर यायचा आहे, तोवर तुम्हाला लिहितो. धंदा उत्तम चाललाय असं मी सगळ्यांना सांगतो आणि मग आत येऊन बसून राहतो. आपलं आपणच वाचून चुका सापडत नाहीत. कॉम्प्युटर दाखवतो त्या चुका नसतात आणि असतात त्या तो दाखवत नाही. त्या दिवशी मी बोललो ते चुकलं. तुमच्या चौकातून मी दोनदा गेलो, खिडकीत दिवा होता, वर आलो नाही. वर येऊन काय सांगायचं हे सुचत नाही. सुचलं की येईन.

आणि त्याखाली, 'आजच अपॉइंटमेंट घ्या'.

शुक्रवारी सकाळी डॉक्टरांचा फोन आला. मी पालथा होतो तो तसाच फोन कानाला लावून मरणाची वाट बघू लागलो. ते म्हणाले, कमाल केलीत. तुमच्या भागातल्या दवाखान्यातली अजून निम्मी पडून आहेत, पण दुसऱ्या दवाखान्यात ठेवलेली हजार पत्रकं दहा दिवसांत संपली. काउंटरवरची मुलगी सांगते, पाठ वळली की मूठ मूठ पत्रकं गेलेली असतात, असं कधी झालेलं नाही. तेव्हा जसंच्या तसं आणखी पाच हजार छापायचं. येत्या गुरुवारी. शिवाय त्यांच्या सहा डॉक्टर मित्रांनी ते पाहिलं आणि त्यांनाही तसंच हवंय, फक्त पत्ता आणि फोटो बदलून. मी घाबरत घाबरत विचारलं, आणि पाचवं पान? ते म्हणाले, पाचवं तर अजिबात हलवू नका, फार छान बसलंय. मी विचारलं, वाचलंत का? ते म्हणाले, वाचायचं काय त्यात, दिसतंय सुंदर. म्हणजे काका, येत्या गुरुवारनंतर मी तुमची मागितलेली माफी सात डॉक्टरांच्या दवाखान्यांत, वेगवेगळ्या पत्त्यांवर वाटली जाणार आहे आणि लोक ती दाढ ठणकत असताना हातात घेऊन बसणार आहेत. दोन वर्षं ज्या यशाची मी थाप मारत होतो ते खरोखरचं आलं, आणि आलं ते असं. मी जमिनीवरच होतो म्हणून बरं, नाहीतर पडलो असतो.

शनिवारी कमरेला पट्टा बांधून मी डॉक्टरांना खरं सांगायला त्यांच्या आमच्या भागातल्या दवाखान्यात गेलो. बाहेर तासभर बसावं लागलं. समोर माझीच पत्रकं ठेवलेली, आणि त्या तासात अकरा माणसांनी ती उचलली. एका बाईंनी वारा घेतला. एकाने पाठीमागे फोन नंबर लिहून घेतला. एका गृहस्थांनी दुमडून दुमडून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातलं, आणि टेबल हलायचं थांबलं हे कबूल करायला हवं. कोपऱ्यात एक आजोबा पाचवं पान उघडून बराच वेळ मान खाली घालून बसलेले दिसले. मी पट्टा सावरून त्यांच्याकडे जायला उठलो. मग त्यांच्या हातातून पत्रक गळून पडलं, ते झोपले होते. मला वाटत होतं की मी चव्हाट्यावर उघडा पडलोय, आणि इथे बघायला कोणाला सवड नव्हती. खरं सांगतो, लाज वाटली असती तर परवडलं असतं. त्याहून वाईट वाटलं.

आत गेलो. बसा, म्हणाले. तिथे बसायला एकच खुर्ची असते. (ती मात्र वर जाते.) मी म्हणालो, डॉक्टर, मला एक सांगायचंय. ते म्हणाले, सांगा ना, आ करा. मी सांगण्यासाठी तोंड उघडलं आणि त्यांनी ते आ केलंय असं धरलं. आत दोन दाढा किडलेल्या निघाल्या. सुई टोचली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा असतो हे मला पहिल्यांदा कळलं. पण मी ठरवून गेलो होतो, तेव्हा डावी बाजू पूर्ण बधिर झालेली असताना, तोंडात तीन कापसाचे बोळे असताना मी सगळं सांगितलं. छापखाना, तुम्ही, चहाचा निम्मा कप, पाळणाघर, काही ठेवलं नाही. ते मान डोलावत होते, मधून मधून 'हो हो, समजलं' म्हणत होते. शेवटी माझ्या डोळ्यांत पाणी आलेलं बघून त्यांनी खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, इतकं घाबरायचं नसतं हो, झालं, आता दोन तास गरम काही घेऊ नका. तेव्हा कबुली दिलेली आहे. पोचली की नाही ते माहीत नाही. घरी येताना मी रस्त्यात ज्याच्या त्याच्याकडे बघून अर्धा हसत होतो, उरलेला अर्धा हलत नव्हता.

आणि आता, काका, ज्यासाठी चार दिवस तुमचं पत्रक मी उशाशी घेऊन पडलोय ते लिहितो. तुमच्या अकरा दुरुस्त्या सगळ्या बरोबर आहेत. (पहिल्या पानावरची मी कबूल करणार नव्हतो, पण मग बघितलं, बरोबर आहे.) पण पाचव्या पानावर, 'त्या दिवशी मी बोललो ते चुकलं' या वाक्यावर तुम्ही लाल रेघ मारली आहे. म्हणजे काढून टाका. आणि मग त्याच वाक्याखाली ठिपके दिले आहेत. तुम्हाला सांगायला नको, पण तुमची सून पाठीमागे उभी राहून वाचते आहे म्हणून तिच्यासाठी लिहितो: खोडलेल्या शब्दांखाली ठिपके दिले म्हणजे तपासणाऱ्याने आपलं खोडणं मागे घेतलं, मूळचं होतं तसं राहू द्या. अकरा वर्षांत तुम्हाला असे ठिपके देताना मी दोनदा पाहिलं. तुम्ही एकदा खोडलंत की खोडलंत, लेखक रडत आला तरी हलायचा नाहीत. इथे ठिपके नऊ आहेत. मी मोजले. पहिले चार घाईघाईत दिलेले आहेत आणि पुढचे पाच सावकाश. रेघ मारताना तुमच्या मनात काय होतं आणि ठिपके देताना काय होतं, हे मी पालथ्याचा उताणा होऊनही बघितलं, कळलं नाही. हे बोलायची गरज नव्हती असं आधी वाटलं आणि मग गरज होती असं वाटलं, की उलटं? मला रडू आलं एवढं खरं. पालथ्या माणसाचं रडणं सरळ कागदावर पडतं, त्यामुळे सातवा ठिपका थोडा फुटला आहे, त्याबद्दल क्षमस्व.

तुमची सून म्हणते, एवढं लिहिण्यापेक्षा फोन कर. तिला सांगितलं, तोंडाने मी काय बोलतो ते तू दोन वर्षांपूर्वी ऐकलंयस. धंद्याचं म्हणाल तर बंद करावा असं रोज सकाळी वाटतं आणि रोज सकाळी कोणाचा तरी फोन येतो. तुम्ही बंद कर म्हणालात तर करीन, पण तुम्ही तसं म्हणणार नाही, तुम्ही फक्त कोणापासून स्वतंत्र एवढं विचाराल आणि मला अजून उत्तर आलेलं नाही. या पत्रात मला तुमच्याकडे काहीही मागायचं नाही, नुसतं कळवायचं होतं. काकूंना नमस्कार. लोभ पूर्वी होता, मध्ये मी हरवला, सापडल्यास ठेवून घ्यावा.

तुमचा पुतण्या
(संचालक, आणि टीमही तोच)

ता. क. – मागायचं नाही असं वर लिहिलंय, पण डॉक्टरांचा पाचव्या पानाचा मजकूर आत्ता आला. झालं असं की शनिवारी माझं बोलणं त्यांना एवढंच कळलं की मला त्या पानाबद्दल काहीतरी दुखतंय, म्हणून त्यांनी तो घाईने धाडला. सात डॉक्टरांची सात पत्रकं गुरुवारी सकाळी छापायला जायची आहेत. मी चार वेळा वाचून काढली. मला सात राखाडी चौकोन दिसतात. बुधवारी संध्याकाळी प्रुफं घेऊन तुमच्याकडे येतो. दार उघडलंत तर आत बसतो. नाही उघडलंत तर दाराखालून सरकवतो, पातळच आहेत, आणि जिन्यात थांबतो. कमरेमुळे मला तसंही पायरीवर बसायला सांगितलंय.

ता. क. दुसरा – पाकीट चिकटवलं होतं ते पुन्हा फोडलं. काकूंनी सुनेला फोन केला होता. माळ्यावर आता तीळ ठेवायलाही जागा उरली नाही, त्या गठ्ठ्यांचं काय करायचं ते पुतण्याला विचार, म्हणाल्या. कसले गठ्ठे असं सुनेने विचारल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. दाढ त्यांची दुखत होती. तुम्ही नुसते सोबत गेला होतात, आणि बाहेर बसल्या बसल्या समोर छापलेलं दिसलं ते वाचलंत, तुम्ही औषधाच्या पट्टीची पाठसुद्धा वाचता. त्यानंतर नऊ दिवस, एकही दात दुखत नसताना, तुम्ही रोज कापडी पिशवी घेऊन त्या दवाखान्यात जात होतात आणि काउंटरवरच्या मुलीची पाठ वळली की पिशवी भरून आणत होतात. पोराचं घरातलं बोलणं आहे, चार लोकांच्या हातात कशाला, असं काकूंना म्हणालात म्हणे. म्हणजे काका, दहा दिवसांत हातोहात संपलेली हजार पत्रकं तुमच्या माळ्यावर आहेत. माझ्या धंद्याला दोन वर्षांत आलेलं एकमेव यश तुम्ही पिशवीतून घरी नेलंत. तेव्हा या पत्रात जिथे जिथे 'माझा धंदा यशस्वी आहे' असं आलंय ती वाक्यं खोडून टाकावीत.

ता. क. तिसरा आणि शेवटचा – हे पत्र मुद्दाम डावीकडे चार बोटं समास सोडून लिहिलं आहे. लाल शाई चालेल. 'प्रूफरीडर लागतोच कोणाला' हे वाक्य तिसऱ्या पानावर, वरून सहाव्या ओळीत आहे. ते आधी खोडा. त्याच्याखाली ठिपके देऊ नका.